भावाचं लुगडं, फोनवरून

माझ्या सख्ख्या बहिणीच्या मयतीत मी शेवटपर्यंत हसत होतो, असं बार्शीत आजही सांगतात. सांगणाऱ्यांची चूक नाही, त्यांनी पाहिलंच तसं. मी मात्र तिथं नव्हतो. मी जर्मनीत होतो आणि माझ्या हातात फोन होता.

आम्ही सोलापुरातल्या जुळे सोलापूर या भागात राहणारे. मी सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला कारकून, आणि सुमन माझी बायको. त्या मे महिन्यात आम्ही मुलीकडे जर्मनीला गेलो होतो. मुलगी कामावर गेली की आम्ही फिरायला निघायचो. सगळ्यांत पुढे माझा फोन, त्याच्यामागे मी आणि माझ्यामागे सुमन. रस्ता फोन दाखवायचा, ट्रॅमचा नंबर फोन सांगायचा, पाटीवर काय लिहिलंय तेही फोनच वाचायचा. (एकदा त्याने आम्हाला एका दवाखान्याच्या मागच्या दाराशी नेऊन 'राजवाडा आला' असं सांगितलं. मी सुमनला राणीची खिडकी दाखवून मोकळा!) आठ दिवसांत मी तिथला नगरसेवक असल्यासारखा वागायला लागलो.

नवव्या दिवशी सकाळी ट्रॅमच्या थांब्यावर असताना माझ्या भाच्याचा, दत्ताचा फोन आला.

"मामा, आई गेली. पहाटं छातीत दुखालंय म्हणली. दवाखान्यात न्यायच्या आतच..."

अक्का माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आमची आई लवकर गेली, तेव्हापासून मला न्हाऊमाखू घालून शाळेत सोडलं ते तिनंच. मी तिथल्या बाकावर बसलो. विमान मिळालं असतं तरी दुसरा दिवस उजाडला असता, आणि बार्शीत मे महिन्याचं ऊन. माझ्यासाठी थांबा म्हणायचीही सोय नव्हती.

"मामा, एक हाय," दत्ता म्हणाला. "भावाचं लुगडं आल्याबिगर उचलायचं न्हाई म्हणत्यात माणसं. आन् भाऊ तर तुमी एकलेच."

आमच्याकडे सासरी गेलेल्या बाईच्या अंगावर शेवटचं वस्त्र माहेरचं लागतं, आणि ते भावानं आणायचं असतं. ते आपण द्यायचं आणि एकदा तिचं तोंड बघायचं, एवढंच माझ्या हातात उरलं होतं.

"कुणाला तरी दुकानात पाठव," मी म्हणालो. "साडी मी निवडतो. फोनवरून."

दत्ताचा साडू बाळासाहेब दुकानात गेला आणि त्याने व्हिडिओ कॉल लावला. भरघोस मिशांचा, शांत माणूस. "आमचे मामा परदेशातनं बघालेत," त्याने दुकानदाराला सांगितलं.

आता खरं सांगतो. अक्काच्या प्रत्येक भाऊबीजेची साडी सुमननं आणली होती. मी ती फक्त ताटात ठेवायचो आणि 'आवडली का?' म्हणून विचारायचो. स्वतः साडी निवडायची ही माझी पहिलीच वेळ.

"सवाष्ण गेल्यात, हिरवी घ्या," सुमन म्हणाली.

"ही निळी दिसतेय," मी.

"हिरवीच हाय मामा."

"उन्हात धर बघू."

बाळासाहेब साडी घेऊन दुकानाच्या दारात आला. तरी मला ती निळीच वाटली. मग दुसरी, मग तिसरी. पदर दाखव, काठ दाखव, जरा अंगावर धर. बिचारा भर रस्त्यात खांद्यावर पदर घेऊन, मिशांसकट उभा राहिला. सहावी साडी पसंत पडली. आणि इतकी वर्षं दुकानात सुमनच्या मागे उभं राहून जे ऐकलं होतं, तेच माझ्या तोंडून निघालं.

"धुतल्यावर रंग जाणार नाही ना?"

दुकानदाराची घडी अर्धी राहिली. बाळासाहेब हळूच म्हणाला, "मामा, धुवायची कुटं हाय आता."

तेव्हा मी रडलो. भर थांब्यावर, मोठ्यानं, लाज न बाळगता. सुमन माझी पाठ चोळत राहिली. शेजारच्या एका म्हातारीने पिशवीतून कागदी रुमाल काढून दिला आणि ती त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाली. त्या वेळी मात्र फोनला अर्थ विचारावा लागला नाही.

बाळासाहेब घरी पोहोचेपर्यंत मी डोळे पुसले आणि मला शहाणपण सुचलं. थांब्यावर चित्र मधूनमधून अडकत होतं. मुलीच्या घरचं वायफाय उत्तम, आणि घर जेमतेम पंधरा मिनिटांवर.

"इथंच बसा," सुमन म्हणाली. "दिसतंय तेवढं पुरे."

"तुला यातलं काय कळतं?" असं म्हणून मी आलेल्या ट्रॅममध्ये चढलो. ती मुकाट्याने मागून चढली.

ट्रॅम सुटली आणि दत्ताचा व्हिडिओ कॉल आला. त्याचा फोन अक्काच्या घरात या हातातून त्या हातात फिरायला लागला. ज्याच्या हातात जाईल तो आधी डोळे पुसायचा आणि मग विचारायचा.

"तिकडं किती वाजलं?"

"साडेनऊ."

"सकाळचं? मजी जेवण व्हायचं आसंल आजून."

"अहो, मला अक्काकडे—"

"थंडी लई हाय का?"

पाच जणांना मी हवामान सांगितलं. सहाव्याला 'अक्काला दाखवा, अक्काला' म्हणून ओरडलो, तरी तो नुसताच बघत राहिला. अंगठा लागून माझा आवाज बंद झाला होता, हे सुमननं दाखवलं तेव्हा कळलं. तो सुरू करतोय तोवर फोन पुन्हा दत्ताकडे आला.

"मामा, तुमची साडी नेसवली. आता आईला दावतो. दिसालंय का?"

कॅमेरा समोर आला की माझं तोंड आपोआप हसतं. इतक्या दिवसांत सेल्फी काढून काढून त्याला सवयच लागली होती. मी कॉलर सारखी केली, हसलो आणि "हो" म्हणालो. त्याच क्षणी ट्रॅम जमिनीखाली शिरली.

माझ्याकडे अंधार आणि गोल गोल फिरणारं चक्र. बार्शीत मात्र माझं हसू पडद्यावर अडकलं. मामाला नीट दिसावं म्हणून दत्ताने फोन अक्काच्या पायाशी तांब्याला टेकवून ठेवला होता. जो तो पाया पडायला वाकला, त्याला आधी माझे दात दिसले. कुणीतरी म्हणालंही म्हणे, "बहीण गेली आन् ह्ये काय!"

ट्रॅम वर आली तेव्हा मला पंखा दिसला. अक्काच्या घरातला, छताचा. अक्काला उचलताना धक्का लागून फोन उताणा पडला होता. लांबून बायकांचं रडणं ऐकू आलं, मग तेही कमी झालं. मी "अक्का, अक्का" करत त्या फिरणाऱ्या पंख्याकडे बघत बसलो. सुमन एका शब्दानेही 'मी सांगत होते' असं म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

दोन दिवसांनी दत्ताने विचारलं, "मामा, भिंतीवर लावायला आईचा फोटू हाय का? तुमच्याकडं चांगला आसंल."

मी फोन धुंडाळला. कारंजी, पूल, केक, आणि प्रत्येकापुढे मी. अक्काचं काय सापडलं? तर तिने पाठवलेले अकरा आवाजी निरोप, 'निवांत ऐकू' म्हणून न उघडता ठेवलेले. ते ओळीने ऐकले. जेवलास का. अंगात स्वेटर घालत जा. सवड झाली की फोन कर, काम काय न्हाई, उगंच.

फोटो एकच निघाला, गेल्या भाऊबीजेला मी काढलेला सेल्फी. पुढे माझं तोंड आणि मागे, मला अगदी खेटून, माझ्याकडे बघणारी अक्का. तोच पाठवला. बार्शीच्या फोटोवाल्याने मला कापून काढलं आणि तिला मोठी केली. पण तिचा गाल वाचवायचा म्हणून माझा एक कान त्याला ठेवावा लागला.

आता दत्ता अमावास्येला फोटोला हार घालतो, तेव्हा माझा तो कानही हाराखाली येतो. सुमनला ते अशुभ वाटतं, नवा फोटो करून घ्या म्हणते. मी नको म्हणतो. अकरा वेळा बहीण बोलत होती आणि ज्याला ऐकायला सवड नव्हती, तोच हा कान. त्याला हार पडला, त्यात काही चुकलेलं नाही.