आठव्या बुरुजावरचा फवारा

दातांच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे उस्ताद म्हणत, आणि ही पदवी काही दातांवरून मिळालेली नव्हती. दातांत त्यांचा हात बसलेला होता, पण त्याचं कौतुक कोण करणार? मेणात दात रोवायचे, हिरड्यांचा गुलाबी रंग जुळवायचा, घासून पुसून कवळी चकचकीत करायची आणि डबीत घालून डॉक्टरकडे धाडायची. पुढे ती कुणाच्या तोंडात जाते, कुणाकडे बघून हसते, हे त्यांना तीस वर्षांत एकदाही बघायला मिळालं नव्हतं. कवळी छान बसली की पेशंट डॉक्टरांचे आभार मानी. बसली नाही की मात्र सगळ्यांना बरोबर उस्तादांची आठवण होई.

पदवी मिळाली ती जेवणाच्या सुट्टीत. बरोबरचे दोघे मोबाइलवरच्या खेळांच्या गप्पा मारत होते. कुणी किती मेले, कुणाचा कितवा नंबर. यांनी डबा उघडता उघडता सहज म्हटलं, “आमच्या वेळी मरण्याची चैन नव्हती. तीन जीव, आठ बुरुज. नवव्या वर्षी आठवा बुरुज सर केलाय मी.”

“शेवटी काय होतं?” एकाने विचारलं.

“अंगणात फवारा उडतो. सात रंगांचा. आठही बुरुजांवर दिवे लागतात, लोक बाहेर येतात, टाळ्या वाजवतात.”

हे सांगताना त्यांचा चेहरा असा काही उजळला की दोघांनी तिथल्या तिथे त्यांना उस्ताद करून टाकलं. तेव्हापासून फवारा वरचेवर उडत राहिला. घरी उडाला, लग्नकार्यात उडाला, एकदा तर डबी द्यायला दवाखान्यात गेले असता रूट कॅनालसाठी आलेल्या एका गृहस्थांसमोरही उडाला, ज्यांना आ वासण्यापलीकडे काही करता येत नव्हतं.

घरात खेळायची यंत्रं दोन. जुनं राखाडी रंगाचं, कॅसेट घालायचं, बालपणातलं. नवं पांढरं, उभं, लेकीने पन्नाशीला भेट दिलेलं. नवं आलं त्या संध्याकाळी कुणीच काही खेळलं नाही, कारण मशीन स्वतःला सुधारत बसलं होतं. पडद्यावर एक निळी रेघ सरकत होती आणि उस्ताद, त्यांची बायको आणि लेक असे तिघं ओळीने बसून ती रेघ बघत होते. मग मशीनने जन्मतारीख विचारली. सालांची यादी मागे मागे सरकवत आपल्या सालापर्यंत पोहोचेस्तोवर उस्तादांचा अंगठा दुखायला लागला. मग अटी आल्या, बेचाळीस पानं. वाचल्याशिवाय सही न करणारा माणूस, पण अकराव्या पानावर त्यांनीही नांगी टाकली.

शेवटी खेळ सुरू झाला. चार पावलं चालताच कोपऱ्यात सोनेरी कप उगवला: पहिलं पाऊल टाकल्याबद्दल अभिनंदन. दार उघडलं, कप. शिडी चढले, कप. खड्ड्यात पडले तर मशीनने अलगद उचलून दोन पावलं मागे उभं केलं आणि झाल्या गोष्टीचा उल्लेखही केला नाही.

“यात हरायचं कसं?” त्यांनी विचारलं.

“बाबा, पण हरायचं कशाला?” लेक म्हणाली. तिने वडिलांच्या वयाचा विचार करून अवघडपणा सगळ्यात खालच्या पायरीवर आणून ठेवला होता. त्या पायरीचं नाव ‘फक्त गोष्ट’. तिच्यावर शत्रू तलवारी उपसून धावत येत आणि जवळ आल्यावर कशासाठी आलो तेच विसरून जात.

उस्तादांनी नव्या यंत्राला नावं ठेवण्यात कसर ठेवली नाही. जुन्यात कस लागायचा, जुन्यात चुकलं की चुकलं, जुनं मशीन खोटं कौतुक करत नसे. पण खरं सांगायचं तर रोज कामावरून आल्यावर अर्धा तास ते बसत नव्यावरच. त्यातलं गवत इतकं खरं होतं की शत्रू सोडून ते गवतच बघत उभे राहत. जुन्याचं फक्त गुणगान होई. ते कपाटात कापडात गुंडाळून ठेवलेलं असे. वर्षातून एकदा बाहेर काढून दात घासायच्या मऊ ब्रशने त्याच्या पट्ट्या साफ करायच्या, कॅसेटमध्ये फुंकर मारायची आणि सातव्या बुरुजावर मरून ते परत ठेवून द्यायचं. कंट्रोलरच्या बटणांखालचं रबर झिजलं तेव्हा त्यांनी कवळीच्या आतल्या मऊ अस्तराचा तुकडा कापून बसवला होता. बटणं चांगली लागू झाली. बुरुज मात्र सातच राहिले.

कारण आठवा त्यांनी कधी सर केलाच नव्हता. तो त्यांच्या ताईने केला होता.

तेव्हा ते उस्ताद नव्हते, धाकटा होते. ताई चौदाची, हा नऊचा. यंत्र मामाने आणलेलं, आणि वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, त्याला पहिल्याच दिवशी बंदी घातलेली. “डोळे जातील,” एवढं एकच कारण. शाळा सुटून दोघं घरी यायची साडेचारला, अण्णा छापखान्यातून सायकलवर यायचे साडेपाचला. आई शिवणाच्या वर्गाला. मधला तासभर काय तो आपला. आठ बुरुज चढायलाही, एकही चूक झाली नाही तर, बरोबर तासभरच लागे, आणि मधेच खेळ साठवून ठेवायची सोय त्या यंत्रात नव्हती. बंद केलं की पहिल्या बुरुजापासून सुरुवात.

वाटणी ताईने केलेली. तिचे तीन जीव संपले की धाकट्याचा डाव, आणि तोवर त्याने खिडकीत उभं राहून रस्त्यावर लक्ष ठेवायचं. वाटणी अगदी न्यायाची होती. अडचण एवढीच की ताई मरतच नसे. पडद्यावरचा कंदीलवाला वटवाघळं चुकवत, शिड्या चढत, दिवे लावत वर वर जाई, आणि धाकट्याच्या वाट्याला येई तो फक्त त्याचा आवाज. टुक टुक टुक. समोर रिकामा रस्ता, पोस्टाची पेटी आणि नळावर पाणी पिणारं कुत्रं. असे कित्येक महिने.

आणि मग एका दिवशी ताई ओरडली, “आठवा! आठवा लागला!” धाकट्याला वाटलं, आता तर आपला डाव कधीच येणार नाही. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बराच वेळ टुक टुक चालूच राहिलं, तेव्हा तो खिडकीतूनच ओरडला, “अण्णा आले!”

ताईने फटकन यंत्र बंद केलं, वायरी ओढल्या, सगळं रजयांखाली कोंबलं आणि पुस्तक उघडून बसली. अण्णा आलेच नाहीत. धाकटा रडकुंडीला येऊन बघत राहिला. मग ताईच म्हणाली, “काही बिघडलं नाही. तू ओरडायच्या आधीच संपलं होतं माझं.” आणि तिने त्याला फवारा सांगितला. सात रंग, दिवे, लोक, टाळ्या. धाकट्याचा जीव भांड्यात पडला. पुढच्याच आठवड्यात अण्णांना यंत्र सापडलं आणि ते माळ्यावर गेलं. धाकट्याचा डाव आला नाही तो नाहीच.

यानंतर चव्वेचाळीस वर्षांनी ताई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी भावाकडे राहायला आली. मधल्या काळात ती मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली होती. खिशात मावणारे खेळ मुलांच्या हातून काढून घेण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिच्या टेबलाचा खालचा खण म्हणे अशा खेळांनी भरलेला असे.

ऑपरेशन झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी चहा घेताना लेक म्हणाली, “आत्या, बाबांनी तो बुरुजांचा खेळ खरंच नवव्या वर्षी संपवला होता?”

उस्तादांचा बिस्किटाचा तुकडा कपात पडला.

काळ्या चष्म्यामुळे ताईचे डोळे दिसत नव्हते. “असं सांगितलं का त्याने?” ती म्हणाली.

“फवाऱ्यासकट!”

“हो का,” ताई म्हणाली आणि तिने दुसरं बिस्किट घेतलं. त्या ‘हो का’वर उस्ताद रात्रभर कूस बदलत राहिले. ओरडली असती तर बरं झालं असतं.

लेकीने मग जाहीरच केलं. येत्या रविवारी दुपारी, आत्याची पट्टी निघाली की, बाबांनी सगळ्यांसमोर खेळ संपवायचा. “बघू तरी तुमचा फवारा!” नाही म्हणायला तोंड नव्हतं. उस्तादांनी रजा टाकून सराव केला. नव्या टीव्हीवर बटण दाबल्यावर कंदीलवाला अंमळ उशिरा उडी मारी आणि सरळ खाली जाई, म्हणून माळ्यावरचा ढोल्या जुना टीव्ही काढला. तो उचलताना कंबर धरली. प्रयोगशाळेत एका कवळीला त्यांनी एक दात जास्त बसवला. हे सगळं होऊनही ते सातव्यापुढे गेले नाहीत.

त्यांची भीती अगदी साधी होती. हरले तर लेक हसेल आणि विसरून जाईल. पण ताई समोर बसलेली असेल. जिचं यश यांनी इतकी वर्षं आपल्या नावावर मिरवलं तीच. शिवाय ती खोटी आरोळी. तिच्याबद्दल ते आजवर एका शब्दाने बोलले नव्हते.

रविवार उजाडला. बायको भाजी निवडायला घेऊन बसली, म्हणजे नवऱ्याची फजिती झालीच तर मान खाली घालता येईल. लेक सतरंजीवर. ताई आरामखुर्चीत, चष्मा नाकावर. उस्तादांनी कॅसेटमध्ये फुंकर मारली आणि बसले.

आणि काय झालं कुणास ठाऊक, त्या दिवशी सगळं जमत गेलं. तिसरा, चौथा, पाचवा. सहाव्यावर एक जीव गेला. सातव्यावर दुसरा. बायकोच्या हातातली शेंग हातातच राहिली. मग पडदा जांभळा झाला आणि लेक किंचाळली, “आठवा!”

आठवा बुरुज उस्ताद जन्मात पहिल्यांदा बघत होते. शिड्या, वटवाघळं, वरती एक बंद दार. दारापाशी ते पोहोचले कसे हे त्यांनाच कळलं नाही. त्यांनी खेळ थांबवायचं बटण दाबलं. टुक टुक थांबलं.

“काय झालं?” लेकीने विचारलं.

“मी संपवला नव्हता,” उस्ताद म्हणाले. “ताईने संपवला होता. मी खिडकीत होतो. मी काही बघितलेलं नाही.” मग एकदाचं सुरू झालंय तर होऊनच जाऊ दे म्हणून पुढे म्हणाले, “आणि ताई, त्या दिवशी अण्णा येत नव्हते. मी उगाच ओरडलो.”

“माहितीये,” ताई म्हणाली. “अण्णा त्या दिवशी साडेसहाला आले. छापखान्यात जादा काम होतं. मी तासभर भूगोल वाचत बसले.”

“मग बोलली नाहीस ती कधी?”

“तू तरी कुठे बोललास?”

उस्तादांनी कंट्रोलर तिच्या मांडीवर ठेवला. “घे. हे दार तुझं आहे. तू उघड.”

“अरे, मला आता काय जमतंय?”

“घे म्हणतो ना.”

ताईने कंट्रोलर हातात घेतला आणि उस्ताद उठले. कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनी ठरवलंही नव्हतं, पण पाय आपोआप खिडकीकडे गेले. पडदा बाजूला करून ते खाली रस्त्याकडे बघायला लागले. एक गाडी, दोन मुली, कचऱ्याचा डबा.

“इकडे ये,” मागून ताईचा आवाज आला. मुख्याध्यापिकेचा नव्हता तो, चौदा वर्षांचा होता. “बस इथे. आता कोण यायचंय?”

उस्तादांनी खिडकीचा पडदा सोडला. ते येऊन तिच्या खुर्चीला टेकून जमिनीवर बसले.

ताईने बटण दाबलं. कंदीलवाला दोन पावलं चालला, एका वटवाघळाखालून वाकून गेला. बोटांना अजून सगळं आठवत होतं. दार उघडलं.

पडदा काळा झाला. काळ्यावर पांढरी अक्षरं उमटली, ‘शाबास, पुन्हा सुरू करा’ अशा अर्थाची. तीन सेकंद ती राहिली. मग टुक टुक करत पहिला बुरुज आला, तोच जुना, खाली तोच कंदीलवाला, हातात विझलेला कंदील.

लेक म्हणाली, “आत्या, फवारा कुठाय?”

ताईने चष्मा काढला. ऑपरेशन झालेला डोळा लाल होता, दुसराही होता. त्या एका क्षणात उस्तादांना सगळं लख्ख समजलं. ते ओरडले तेव्हा ते दार बंदच होतं. ती दारापर्यंतच पोहोचली होती, आणि धाकट्याला ‘तुझ्यामुळे हुकलं’ असं सांगायच्या ऐवजी तिने बसल्या जागी एक फवारा रचला होता. सात रंगांचा. टाळ्यांसकट.

“इतकी वर्षं झाली,” उस्ताद लेकीला म्हणाले. “जुनं मशीन आहे. फवारा बंद पडला असेल.”

लेक कधी बापाकडे, कधी आत्याकडे बघत राहिली. बायकोने मान खाली घातली आणि भराभर शेंगा निवडायला सुरुवात केली.

ताईने पदराने डोळे पुसले, नाक पुसलं आणि कंट्रोलर भावापुढे धरला.

“घे,” ती म्हणाली. “तुझा डाव.”

उस्तादांनी तो दोन्ही हातांनी घेतला, मांडी ठोकून बसले आणि पहिल्याच वटवाघळावर जाऊन आपटले.