इंजेक्शन दिलं का?

"इंजेक्शन दिलं का?" हा प्रश्न मी नाशिकच्या कॅज्युअल्टीत इतक्या वेळा ऐकला, की आजही तो कानावर पडला तर माझं डोकं फिरतं. माणसाचं हृदय बंद पडलंय, मी स्टुलावर चढून घामाघूम होत त्याची छाती दाबतेय, आणि नातेवाइकांच्या लेखी उपचार अजून सुरूच झालेला नसायचा. सुई टोचली की उपचार. बाकी सगळा डॉक्टरबाईंचा वेळकाढूपणा.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार छातीत दुखतंय म्हणून दुपारी जीपमधून आले आणि माझ्याशी बोलता बोलताच कोसळले. मी छाती दाबायला लागले. सोबत त्यांचा मेहुणा होता.

"मॅडम, दाबत काय बसल्या? हृदयाचं इंजेक्शन द्या ना!"

सिस्टरांनी ॲड्रेनॅलिन दिलं. जरा वेळानं मॉनिटरवरची सपाट रेघ हलली, लाटा उमटल्या. "आलं, आलं!" म्हणत मेहुण्यानं माझी दोन्ही मनगटं धरली. "सोडा आता, बरगड्या मोडतीन त्यांच्या. चालू झालं हे ना!"

हात सोडवून घेऊन मी मानेवर बोटं ठेवली. नाडी नव्हती. रेघ नाचली म्हणजे रक्त फिरतंय असं नसतं, हे अशा वेळी कुणाला समजावणार? ते औषध हृदयाला चाबूक मारतं. मेंदूला रक्त पोहोचवायचं काम तोवर हातांनाच करावं लागतं. मी ओरडले, त्याला ढकललं, पुन्हा दाबायला घेतलं. पुढच्या डोसनंतर कधीतरी नाडी लागली.

संध्याकाळी मेहुण्यानं सगळ्यांना पेढे वाटले. श्रेय अर्थातच इंजेक्शनला. मी पेशंटच्या डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या होत्या; उजेड टाकला तरी त्या आकसत नव्हत्या. माझ्यानं पेढा खाववला नाही.

दिवस गेले, हृदय व्यवस्थित चालत राहिलं, पण ते काही शुद्धीवर आले नाहीत. मेहुण्याला चार शब्द सुनावायचेच, म्हणून मी धुमसत होते. एकदा तो आयसीयूबाहेर दिसला तशी मी तरातरा निघाले, पण त्याची बहीणच, म्हणजे पेशंटची बायको, पुढे आली.

"मॅडम, त्या इंजेक्शननं काळीज उठलं ना? मग ह्यांना उठवायचं दुसरं लिहून द्या. कुठं बी मिळू द्या, भाऊ घिऊन यील."

असं इंजेक्शन नसतं, मी म्हणाले.

त्यांनी विचारलं, "मग पयलं तरी कशाला दिलं?"