तालमीच्या माडीवरच्या पोरी

बोर्ड गेमचा कुठलाही डबा उघडा. एक सोंगटी कमी असते आणि भलत्याच डब्यातल्या तीन जास्त. आमच्या गटातल्या किश्शांचंही तसंच झालंय. एक सांगायला बसावं तर तो सापडत नाही, आणि दुसरेच तीन हाती लागतात. म्हणून मी आता क्रम लावत बसत नाही. जो हाताला येईल तो सांगते.

आम्ही म्हणजे आठजण, त्यातल्या निम्म्या मुली. दर रविवारी दुपारी तीन ते सहा आम्ही मंगळवार पेठेतल्या एका तालमीच्या माडीवर जमतो. खाली लाल माती, वर कार्यकारिणीच्या मीटिंगचं लांबलचक टेबल. मीटिंग होते गणपतीच्या तोंडावर. बाकी वर्षभर टेबल रिकामं, म्हणून आमचं.

पोरांना खेळायला अख्खं कोल्हापूर मोकळं आहे. कॅफे आहे, कुणाची तरी गच्ची आहे. आम्ही मुली कॅफेत तीन तास बसलो की आमच्याआधी बातमी घरी पोचते. पण "तालमीत चाललोय" म्हटलं की आई एवढंच विचारते, "तात्या हाईत न्हवं तिथं?"

तात्या म्हणजे तालमीचे सेक्रेटरी. माडीची किल्ली त्यांच्या कमरेला. म्हणजे हिशेब सरळ आहे. माडी गेली तर पोरांची जागा जाईल, आमचा खेळच जाईल!

*

तात्यांनी किल्ली दिली ती एका अटीवर. "पोरी बसू देत, पर खालनं दिसता कामा न्हाय."

"म्हणजे?" मी विचारलं.

"जिन्याखाली चपला दिसत्यात की! चौकातली माणसं बघत्यात. तुमच्या चपला पिशवीत घालून वर न्यायच्या."

आमची तेजू पेशानं दातांची डॉक्टर आणि आवाजानं लाउडस्पीकर. मला वाटलं, आता हिचा स्फोट होणार. पण ती गोड हसली. "व्हय तात्या."

पुढच्या रविवारी तिनं जिन्याखालच्या झाडून सगळ्या चपला पोत्यात भरल्या आणि वर आणल्या. आमच्या, पोरांच्या, पैलवानांच्या, तात्यांच्यासुद्धा! सहा वाजता खाली एकच कल्लोळ. तात्या अनवाणी फरशीवर उभे.

तेजूनं माडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "तात्या, बघा की! आता खालनं कुणीच दिसत न्हाय!"

*

एकदा जयसिंगपूरहून एक पाव्हणा आला. ओंकारचा मित्र. ओंकार म्हणजे आमच्यातला गेम विकत घेणारा माणूस, पगाराच्या दिवशी डबा दारात.

पाव्हण्यानं मला बाजूला बसवलं आणि गेम समजावून सांगायला सुरुवात केली. वीस मिनिटं. हळू, सोप्या शब्दांत, मध्ये मध्ये "टेन्शन घेऊ नकोस" म्हणत. मी तीन वेळा तोंड उघडलं. तीनही वेळा त्यानं हात वर केला. "आधी ऐकून तर घे."

शेवटी दमला. मराठीत टाइप केलेली नियमांची पानं माझ्यापुढे सरकवली. "हे घरी नेऊन वाच. ज्यानं लिहिलंय ना, त्याचं डोकं भारी आहे. एवढी अवघड गेम, पण पोराटोराला कळंल!"

"थँक्यू," मी म्हटलं.

त्याला कळेना. ओंकारनं शेवटचं पान उलटून माझ्या नावावर बोट ठेवलं. पाव्हणा पाणी प्यायला खाली गेला, तो थेट स्टँडवर.

*

गेमच्या डब्यात बायका असतात, नाही असं नाही. एका डब्यात लढवय्यांच्या बोटभर उंचीच्या मूर्ती होत्या. पुरुष डोक्यापासून नखापर्यंत लोखंडात. आणि एकुलती एक बाई, तिच्या अंगावर चिलखताचे तीन तुकडे. मोजून तीन!

तेजूच्या आईचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. एकदा तेजूला न्यायला आल्या, तेव्हा त्यांनी ती मूर्ती उचलून चष्म्यासमोर धरली. पुढून पाहिली, मागून पाहिली.

"हिचं माप कुणी घेतलंय गं?"

"मावशी, ती लढाईला चाललीय," ओंकार म्हणाला.

"ते दिसतंय रे. पर टेलर मधीच पळून गेलाय." मूर्ती त्यांनी रुमालात बांधली. "भाला पोटात आला म्हंजे ही काय करणार, पदर घेणार?"

पुढच्या रविवारी मूर्ती परत आली. गळ्यापासून घोट्यापर्यंत चंदेरी नेलपॉलिशचं चिलखत, कोपरांना जोड, पाठीवर हुकांची रांगसुद्धा! तेव्हापासून त्या डब्यातली तीच मूर्ती घ्यायला पोरांची भांडणं होतात.

*

मग ओंकारनं स्वतःच गेम बनवली. आपल्या जिल्ह्याची. ऊस लावायचा, तोडायचा, कारखान्यावर न्यायचा. पात्रांची बत्तीस कार्डं. चेअरमन, पैलवान, ट्रॅक्टरवाला, मुकादम, दूध संकलनवाला. बाई एकच. कार्डावर लिहिलेलं, "वहिनी". तिची ताकद, "चहा. प्रत्येक फेरीत सर्वांना एक एक शक्ती देऊ शकते."

"बत्तिसात एक?" मी म्हटलं. "आणि ती पण चहा करणार?"

"अगं, सगळ्यात पॉवरफुल कार्ड आहे ते!"

नशीब बघा, वाटपात वहिनी माझ्याच हातात आली. पहिली फेरी झाली. सगळ्यांनी चहासाठी हात पुढे केले. मी कार्ड उपडं ठेवलं.

"चहा दे की," ओंकार म्हणाला.

"वहिनी माहेरी गेल्यात. बिद्रीला."

"असं नसतंय!"

"'देऊ शकते' लिहिलंयस. 'देतेच' लिहिलेलं नाही."

चहा नाही, म्हणून दुसऱ्या फेरीत ट्रॅक्टर बसला. तिसरीत पैलवानाला कोयता उचलेना. चौथीत खुद्द चेअरमन पटावर आडवे! ऊस सगळा शेतात वाळत उभा आणि मी एकटी राखून ठेवलेली शेवटची शक्ती घेऊन आरामात पुढे.

पंधरा दिवसांनी ओंकार नवीन कार्डं घेऊन आला. सोळा बायका. वजनकाट्यावरची क्लार्क बाई, ट्रॅक्टरवाली, चेअरमनसुद्धा बाई. वहिनी पण होती. चहाची जबाबदारी मात्र त्यानं मुकादमावर टाकली होती.

*

हा किस्सा तालमीबाहेरचा, पण राहवत नाही. मागच्या महिन्यात मला बघायला आले. आईनं बायोडाटात छंद म्हणून "वाचन, पाककला" लिहिलं होतं. मी पोह्यांच्या बशा ठेवता ठेवता सांगून टाकलं, "बोर्ड गेम."

मुलाचे मामा सावरून बसले. "म्हंजे सापशिडी?"

"तशाच, पण डोकं लागतं."

"लग्नानंतर सोडणार न्हवं?"

"का? मुलगा काय खेळतो?"

"छ्या! तो सीए हाय."

"मग हरायला कुठं शिकला?"

पोहे मात्र सगळे संपवून गेले.

*

या सगळ्यात चपलांचं प्रकरण तात्या विसरले नव्हते. कार्यकारिणीत कुणीतरी कुरकुरलं, तालमीचा अड्डा झालाय म्हणून. एका रविवारी तात्या माडीवर आले ते काकींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, घेऊन. मुलींना सांगायचं तर बाईमाणूस बरोबर हवं, ही त्यांची पद्धत.

"पुढच्या रविवारपास्नं पोरींनी यायचं न्हाय," तात्या म्हणाले. "पोरं बसतील. ही तुमास्नी नीट समजावून सांगंल."

माझं डोकं तडकलं. "तात्या, आम्ही इथं करतो काय, ते तरी एकदा बघितलंय का तुम्ही?"

"दावा की मग!"

ओंकारनं घाईनं चिठ्ठ्या केल्या. आठ चिठ्ठ्या, सात गावकरी आणि एक चोर. सगळ्यांनी डोळे मिटायचे, चोरानं खुणेनं एकाला बाद करायचं. डोळे उघडले की बाकीच्यांनी वाद घालून एकाला गावाबाहेर काढायचं. चोर सापडला तर गाव जिंकलं. दोघंच उरेपर्यंत सापडला नाही, तर चोर जिंकला. ओंकार पंच. आमच्यातले दोघं उठले, त्यांच्या जागी तात्या आणि काकी. मोजायला सात भरले म्हणून उठलेल्यांपैकी एकाला परत बसवलं.

"मला कुठलं येतंय बाई असलं," काकी म्हणाल्या.

पहिल्या फटक्यात तेजू बाद. मग बाकीची एकमेकांवर ओरडत एकेक करून गेली. काकी पदर सावरत, प्रत्येक जण गेला की हळहळत, "अगं बाई, गरीब होतं पोरगं."

शेवटी तिघं उरलो. तात्या, काकी आणि मी. माझी चिठ्ठी गावकऱ्याची.

"तात्या," मी म्हटलं, "चोर मी नाही. तुम्ही पण नाही. मग उरलं कोण?"

तात्या टेबलावर हात आपटून उभे राहिले. "ए पोरी! चाळीस वर्सं संसार केलाय मी हिच्यासंगं! हिला खोटं बोलताच येत न्हाय! माज्यापास्नं साधी भाजीची पिशवी लपवायला जमत न्हाय हिला!"

"जाऊ दे हो," काकी खाली मान घालून म्हणाल्या. "लहान हाय ती. चुकतंय पोरीचं."

"चुकंल कसं? भाईर काढा हिला!"

मी गावाबाहेर गेले. काकींनी आपली चिठ्ठी उलटी केली आणि टेबलाच्या मधोमध ठेवली.

चोर.

तात्यांनी चिठ्ठी उचलली, मागून पुढून पाहिली, खाली ठेवली. मग बायकोकडे पाहिलं.

"वाटा की पुन्यांदा," काकी म्हणाल्या.

तात्या सावकाश खुर्चीत बसले. कमरेची किल्ली काढून त्यांनी माझ्यापुढे टेबलावर ठेवली.

"माडी चालू ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "दर रविवारी मी बी येणार, ही बी येणार. मला कळाय पायजे, ही कधीपास्नं खेळत्या."