दोन मागितले, साडेपाच घेतले

"दोन मागितले, साडेपाच घेतले. सवलतीची सवय, दुसरं काय."

सर असं बोलले आणि आख्खी लॅब हसली. मी आवाज काढणाऱ्या मशीनीसमोर, सिग्नल जनरेटरसमोर उभी. बोटं अजून नॉबवरच. माह्या टेबलावरची पोरगी, महाल भागातून येणारी, जिच्यासंग मी रोज डबा खात होती, ती पण हसली. मंग खाली पाहून राहिली.

नागपुरातलं कॉलेज. नाव सांगत नाई. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, आणि त्या दिवशी प्रॅक्टिकलची परीक्षा. सरांनी सांगतलं होतं, एक किलोहर्ट्झचा आवाज लाव, दोन व्होल्ट पीक टू पीक ठेव. हर्ट्झ म्हणजे आवाज किती बारीक का भसाडा. व्होल्ट म्हणजे त्याचा जोर. एवढं मले येत होतं. हर्ट्झ बरोबर लावले. व्होल्ट पाहाले मल्टिमीटर लावला, आकडा दोनवर आणला आणि हात थांबवला. इथंच फसली. पीक टू पीक म्हणजे लाटेच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतची उंची. ती सीआरओच्या, म्हणजे लाट दाखवणाऱ्या मशीनीच्या, पडद्यावर मोजा लागते. मल्टिमीटर ती दाखवतच नाई, त्याचा आकडा लहान येते. मीटरवर दोन होते तवा पडद्यावर साडेपाचच्या वर गेले होते. आवाज एकच, मोजायची रीत वेगळी.

चुकली मी. पण पडदा सोडून मी मीटर काहून घेतला, ते ऐका.

माहा बाप खाप्याले माईकवाला आहे, लग्नाकार्यात भोंगे लावते. घरात मशीन म्हणून एक अॅम्प्लिफायर आणि एक मीटर. मी लहानपणापासून मीटरच पाह्यला. पडदा पाहाले कॉलेजात आली. आणि कॉलेजात पहिल्याच दिवशी सरांनी हजेरी घेता घेता कामं वाटली. आडनाव वाचायचं, चष्म्यावरून पाहायचं, काम सांगायचं. एका टेबलावर चार जण, मशीन एक. एकानं नॉब फिरवायचा, एकानं पडदा वाचायचा, एकानं लिहायचं. माहं आडनाव आलं.

"तू वायर धर."

वायरीची पिन ढिली. अंगठ्यानं दाबून धरा लागे, नाई तर आवाज तुटे. वायर धरणाऱ्यानं टेबलाच्या पलीकडून उभं राहायचं. तिथून मशीनीची पाठ दिसते. पहिल्या सेमिस्टरपासून मी पाठच पाहून राहिली होती. एक दिवस मान वर करून बाकीचे टेबल पाह्यले. हरेक टेबलावर वायर धरणारा आमच्यातलाच. भिंतीवर कुठं असं लिहून नव्हतं. लिहा लागतच नाई.

बोलू कोणाले? टर्मवर्कचे मार्क सरांच्या हातात. सही नाई झाली तर वर्ष गेलं. वर्ष गेलं तर काका रामटेकचं स्थळ घेऊन तयारच बसला आहे, म्हणते पोरगी कायले शिकवता. बोलली तर घरी, नाई बोलली तर वायर. रात्रंदिवस जीव नुसता कोंडून राहे.

परीक्षेच्या त्या दिवशी सर म्हणाले, पुढच्या आठवड्यात पुन्हा कर, तोवर आपल्या जागेवर जा. मी बापाले फोन लावला. रडली. बाप म्हणे, मार्क त्याच्या हाती आहे बाई, दम धर. मले बापाचाच राग आला. मोठ्या घरच्या लग्नात त्याची मशीन मांडवाबाहेर ठेवतात. आवाज आत चालते, बाप चालत नाई. तो तिथंच ताडपत्रीखाली जेवते आणि म्हणते, आपल्याले काय करायचं आहे. त्याले हे सारं समजते. त्याच्याही मानेवर कोणीतरी बसलंच आहे.

पुढच्या लॅबले मी सगळ्यांआधी गेली. मशीनीच्या तोंडासमोर उभी राहिली. पडदा सुरू केला, नॉब फिरवला. हिरवी लाट उंच झाली, बारकी झाली. पडद्यावरच्या चौकटी मोजल्या. एवढंच होतं ते. एवढ्यासाठी मले पलीकडं उभं ठेवलं होतं.

महालवाली कानाशी आली.

"सर आले वं. जाय न तिकडं."

मी हालली नाई. सर टेबलाशी आले. म्हणाले, "हात काढ."

भेव वाटत होतं. तरी तोंडातून निघालं, "नाही काढत सर. वायर आज दुसऱ्या कोणाले द्या."

ह्यावेळी कोणी हसलं नाई. सरांनी वाकून टेबलाचं बटन बंद केलं. लाट गेली. पडदा काळा झाला.

"आता मोज," ते म्हणाले. "आणि टर्मवर्कची सही कोण देतो, तेही बघ."

लॅब सुटेपर्यंत मी त्या बंद मशीनीवर हात ठेवून उभी होती. समोर वायर लोंबकळत होती. आमच्या टेबलावर ती कोणी धरली नाई.

सही अजून झाली नाई. काकाचे फोन सुरू झाले आहे. बाप बोलत नाई. हीच लॅब, हेच सर, आणि निघायले दुसरं दार नाई. मले माहीत आहे, हे वर्ष जाईल. जाऊ दे. परवा पुन्हा लॅब आहे. मी मशीनीसमोरच उभी राहीन. बटन बंद केलं तर बंद मशीनीसमोर उभी राहीन. माहा अंगठा आता त्या वायरीवर जाणार नाई.