सात नंबरच्या चुका

आपल्या हातून चूक झाली हे चार लोकांत सांगताना ज्याचा चेहरा खुलतो असं माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिलं, आणि ते नेमकं आमच्या लाइनचं लीडर निघालं. बाकीचे लोक बढतीची बातमी ज्या तोंडाने सांगतात, त्या तोंडाने आमच्या आंटी "काल मी एक डायोड उलटा लावला" असं सांगायच्या. मरोळच्या गावठाणात राहणाऱ्या, फुलाफुलांचा फ्रॉक घालणाऱ्या, पन्नाशीकडे झुकलेल्या या बाईंना सगळा कारखाना आंटीच म्हणायचा. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर असणार, पण ते कोणी उच्चारल्याचं मला आठवत नाही.

कारखाना म्हणजे अंधेरी पूर्वेच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीतले तीन गाळे. रंगीत टीव्ही नुकते घरोघर यायला लागले होते आणि टीव्हीच्या आधी त्याचा स्टॅबिलायझर घ्यावा अशी पद्धत होती. त्या स्टॅबिलायझरच्या आतल्या प्लेटा आम्ही भरायचो. बारीक बारीक पार्ट भोकांत बसवायचे, सोल्डरिंग करायचं आणि प्लेट पुढच्या टेबलावर टेस्टिंगला द्यायची. अशा तीन लाइनी होत्या. आमच्या लाइनीवर आम्ही अकरा मुली आणि बाराव्या आंटी. प्रत्येकीला नंबर होता. आंटींचा सात, माझा अकरा. टेस्टिंगमध्ये प्लेट नापास झाली की ती चिठ्ठी लावून परत यायची, आणि ही कोणाच्या हातची ते लीडरने रजिस्टरमध्ये नंबर घालून लिहायचं. हे रजिस्टर पुढे महत्त्वाचं ठरणार होतं, पण तेव्हा त्यावर आमच्या चहाच्या कपांचे डाग पडत असत.

आंटी कोणाला हुकूम सोडत नसत. एखादी चुकतेय असं दिसलं की त्या तिच्याजवळ स्टूल ओढून बसायच्या आणि म्हणायच्या, "मला हे कायम चुकतं बघ, कसं करू गो?" ती मुलगी दाखवायला जायची आणि दाखवता दाखवता स्वतःच सुधारायची. ही युक्ती समजायला थोडं डोकं लागतं. मी सहा महिन्यांचा कोर्स करून, सर्टिफिकेट घेऊन नवी लागले होते. पहिल्याच दिवशी आंटींनी मला तसं विचारलं आणि मी मनापासून शिकवायला बसले. एकदा नव्हे, पुढचे आठ दिवस जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना सोल्डरिंग शिकवलं. चौदा वर्षं ते काम केलेली ती बाई माझ्यापुढे मान खाली घालून शिकत होती, मध्येच "असं होय!" म्हणत होती. नवव्या दिवशी शेजारच्या शैलाला राहवेना. ती म्हणाली, "अगं ए मास्तरीण, तुझ्या सोल्डरिंगचे सांधे सुटतायत म्हणून त्या विचारतायत. बस कर की आता!" मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आंटी मात्र शैलावरच चिडल्या. "शिकत होते ना मी? दोन गोष्टी नवीन कळल्या मला," म्हणाल्या.

सकाळची घंटा व्हायच्या आधी पाच मिनिटं आमची सभा भरायची. आंटी टेबलाच्या टोकाशी उभ्या राहून आदल्या दिवशीची आपली चूक सांगायच्या, प्लेट हातात धरून, कुठे काय बिनसलं ते दाखवून. त्यांचं सांगून झालं की कोणी तरी हळूच म्हणायचं, "आंटी, माझ्याकडून पण दोन झाल्यात." मग तिसरी, मग चौथी. इथे दहा वर्षांपूर्वी भरपूर ओरडणारी एक लीडर होती म्हणे. तिच्या काळात मुली बिघडलेल्या प्लेटा डब्यात घालून बाहेर न्यायच्या. एकीने त्या घाटकोपरला घरच्या माळ्यावर टाकल्या होत्या. पुढे घर रंगवायला काढलं तेव्हा सोळा निघाल्या. आंटींच्या सभेत चूक लपवण्यात काही मजाच उरली नव्हती. बिघडलेली प्लेट टेस्टिंगला जायच्या आधी आमच्यातच दुरुस्त व्हायची, त्यामुळे तिन्ही लाइनींत आमच्याकडे सर्वांत कमी चिठ्ठ्या यायच्या. ज्या यायच्या, त्यांच्यापुढे रजिस्टरमध्ये आंटी आपलाच सात नंबर घालायच्या. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "पोरीच्या नावावर चूक चढली की पोरगी माझ्याशी बोलायची बंद होते. मग कुठे काय बिघडतंय ते मला कोण सांगणार, ती प्लेट?"

सवय म्हणजे सवय, ती कारखान्याच्या दाराशी थांबत नाही. एकदा आम्ही बसने जात होतो. कंडक्टर घंटा मारायला विसरला, स्टॉप मागे गेला आणि लोक त्याच्या अंगावर धावले. आंटी उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चूक माझी. मी त्यांना बोलण्यात गुंतवलं." त्या कंडक्टरशी त्या तिकिटापलीकडे एक शब्दही बोललेल्या नव्हत्या. तो बिचारा उतरेपर्यंत त्यांच्याकडे आपण हिला कुठे पाहिलंय अशा नजरेने बघत होता. चर्चमध्ये फादरपुढे पापं कबूल करायची असतात, तिथेही हाच प्रकार. त्यांच्या सांगण्याप्रमाणे फादर एकदा वैतागून म्हणाले होते, "तुझी झाली ना सांगून? मग आता शेजारणीची तिला स्वतः सांगू दे." मी हे भांडुपला घरी सांगितलं. वडील गिरणीतून कायमचे घरी बसले होते, त्यामुळे आमच्याकडे हसायला निमित्त लागायचं. आई म्हणाली, "तुझ्या त्या आंटीक सांग, तुझ्या बापाशीच्यो पण दोन चुको घेवन जा." त्या दिवशी वडीलसुद्धा हसले.

हे सगळं असंच चाललं असतं, पण आंटींचे डोळे बिघडले. लीडरलाही अर्धा दिवस सोल्डरिंग करावं लागे आणि चौदा वर्षं दिव्याखाली बारीक काम करून त्यांना संध्याकाळी समोरचं माणूस धुरकट दिसायला लागलं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हे काम बंद करा. त्याच सुमारास तिन्ही लाइनींवर मिळून एक सुपरवायझर नेमायचं ठरलं. सुपरवायझरला सोल्डरिंग नसतं. त्याने फिरायचं, बघायचं, बोलायचं. म्हणजे आंटी जे करत होत्या तेच. ती जागा मिळाली तर नोकरी राहणार होती, नाही तर नोकरी किंवा डोळे, दोन्हींतलं एक सोडायचं होतं. ती जागा त्यांचीच, याबद्दल आमच्या मनात शंका नव्हती. त्यांच्याही नसावी, कारण त्यांनी फिरायला सोयीच्या म्हणून नव्या चपला घेतल्या होत्या.

निर्णय नव्या मॅनेजरसाहेबांच्या हातात होता. माणूस वाईट नव्हता, आवाजसुद्धा चढवत नसे. मुळात आवाज खाली आमच्यापर्यंत आणतच नसे. वरच्या काचेच्या केबिनमधून इंग्रजीत टाइप केलेल्या नोटिसा यायच्या आणि शैला त्या वाचून, स्वतःची थोडी भर घालून आम्हाला समजावायची. त्यांनी एक सूचनापेटीही लावली होती. तिची किल्ली त्यांच्याकडेच असे. उघडली तेव्हा आत चॉकलेटचे कागद आणि एक तुटकी बांगडी मिळाली. तर या साहेबांनी सुपरवायझर निवडण्यासाठी मागितलं काय, तर तीन वर्षांची रजिस्टरं. ती वर घेऊन मीच गेले. दोन दिवसांनी बातमी खाली आली. अख्ख्या कारखान्यात सर्वांत जास्त चुका सात नंबरच्या, तेव्हा त्यांचा विचार करता येत नाही.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही जिन्यापाशी जमलो. शैला म्हणाली, "वाट लागली यार. आपण वर जाऊन खरं सांगायचं." आंटींना न कळवता आम्ही अकरा जणी जिना चढलो. केबिनमध्ये गेल्यावर सगळ्या एकमेकींना पुढे ढकलू लागल्या. वडील घरी, घरात कमावती मी एकटी, तरी का कोण जाणे, पहिली मीच बोलले. म्हटलं, "साहेब, त्या सात नंबरमधल्या चुका आंटींच्या नाहीत. माझ्या आहेत. पावसाळ्यात एका दिवसात नऊ डायोड मी उलटे लावले होते." मग शैला बोलली, मग बाकीच्या. रोज सकाळी बोलायचो तशाच, कोणाचं काय, कधी, कसं. आमचं आम्हालाच भरून आलं. साहेबांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "म्हणजे तीन वर्षं या रजिस्टरमध्ये खोट्या नोंदी होत आहेत. त्या कोणी केल्या?"

इतका साधा प्रश्न जिना चढताना अकरांपैकी एकीलाही सुचला नव्हता. साहेब म्हणाले, "चुका करणाऱ्या लीडरला मी एक वेळ सुधारायला वेळ दिला असता. खोटं लिहिणाऱ्या लीडरच्या हाती तीन लाइनी कशा देऊ?" त्यांच्या बाजूने बघितलं तर तेही चूक बोलत नव्हते, आणि त्याचाच मला अजून राग येतो. टेस्टिंग टेबलावरचा एक तरुण सुपरवायझर झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंटी टेबलाच्या टोकाशी उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या हातात प्लेट नव्हती. म्हणाल्या, "साहेब नवा आला, त्याला आठ महिने झाले. खाली तुम्हा अकरा जणींशी मी रोज बोलले. वर एकाशी बोलायचं होतं, ते नाय बोलले. मला वाटलं, काम दिसतं म्हणजे माणूस पण दिसत असेल. ही चूक माझी, आणि ही खरोखरची माझी हाय." नेहमीप्रमाणे त्या थांबल्या. त्या दिवशी पुढे कोणीच बोललं नाही. नाताळापर्यंत त्या आल्या, मग यायच्या बंद झाल्या.

दोन वर्षांनी मी मरोळला त्यांच्या घरी गेले. ओट्यावर सूप घेऊन वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. दाणा चांगला की किडका ते बोटांनीच बघत होत्या. पायरीवर मी बोलले तेव्हा आवाजावरून ओळखलं. कारखान्याची चौकशी केली, माझ्या वडिलांची केली, शैलाच्या लग्नाची केली. दोन वर्षं मनात होतं ते शेवटी मी सांगून टाकलं. "आंटी, त्या दिवशी वर पहिली मी बोलले. मी तोंड उघडलं नसतं तर बाकीच्या बोलल्याच नसत्या. चूक माझी झाली."

त्यांचा हात थांबला. "ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "मी जिन्याच्या खालीच उभी होते. तुझा आवाज ऐकला." मग म्हणाल्या, "किती बरं वाटलं गो मला. तुम्ही कोणी गेलाच नसता, तर इतकी वर्षं मी भिंतीशी बोलले असंच वाटलं असतं. तू चुकली नाय. नोंदी मी केल्या, चूक माझीच." आणि पुन्हा शेंगा सोलायला लागल्या.

मी पुष्कळ सांगून पाहिलं, पण त्या ऐकेनात. जन्मात एक चूक मला माझ्या स्वतःच्या नंबरावर हवी होती, तीही त्यांनी मला दिली नाही.