माझ्यापायी अख्खं गाव उन्हात बसलं

हसू नका म्हणून काही उपयोग नाही, हसणारच तुम्ही. फक्त तोंडातला चहाचा घोट आधी घशाखाली उतरू द्या. नाकातून आला तर मी जबाबदार नाही!

माझा एक जुना रोग आहे. माझे हात काम करत असतात आणि मी तिथं नसते. तव्यावर भाकरी करपायची आणि मी ढगांत फिरत असायचे. आई म्हणायची, "हिचं धड चुलीम्होरं आन् डोस्कं आभाळात." आता असल्या पोरीनं प्रयोगशाळेत जावं का? गेले! सांगलीत, विषाणूंवर काम करणाऱ्या एका लहानशा प्रयोगशाळेत.

काम जीवनसत्त्वांचं. माणसाला होणारे कोरोना विषाणू असतात ना, त्यातला साध्या सर्दी-पडशाचा एक आमच्याकडं होता. त्या मोठ्या साथीवाल्याचा गरीब चुलतभाऊ म्हणा. अ, क, ड यांपैकी कुठलं जीवनसत्त्व त्याला अडवतं का, हे तपासायचं.

त्यासाठी शहाण्णव खड्ड्यांची प्लास्टिकची प्लेट असते. आप्पेपात्रच समजा, फक्त आप्पे वाटाण्याएवढे. प्रत्येक खड्ड्यात माणसाच्या जिवंत पेशी वाढवायच्या, वर जीवनसत्त्व घालायचं, मग विषाणू सोडायचा आणि प्लेट उबेच्या कपाटात ठेवायची. चार दिवसांनी पेशी मेलेल्या दिसल्या, की जीवनसत्त्व नापास. जगलेल्या दिसल्या तर... तर काय! नेमकं तिथंच माझं विमान सुटायचं.

त्या दिवशी मी ड जीवनसत्त्वाची प्लेट लावत होते. काचेच्या कपाटात हात घालून हे काम करायचं. आतून हवेचा घूंऽऽ असा एकसुरी आवाज येतो, अंगाईसारखा. खिडकीतून वाळत्या हळदीचा वास येत होता. आणि मी? मी कृष्णेवर होते. पाणी संथ, नाव आपोआप चाललेली, माझ्या हातात एक इवलीशी बाटली. काठावर माणसं खोकत उभी. माझी नाव जवळून गेली, की खोकला थांबायचा. एकजण थांबला, दुसरा थांबला. पाण्यावर धुकं, आणि कुणीतरी माझं नाव घेतंय...

"अगं, झालं का?" शेजारच्या टेबलावरून रेश्मा विचारत होती. ती माझी मैत्रीण, आणि प्रयोगशाळेतलं जमिनीवरचं माणूस.

"झालं की!" मी म्हटलं, आणि प्लेट उबेच्या कपाटात ठेवून दिली.

शनिवारी सकाळी प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली धरली. पेशी एकमेकींना बिलगून बसलेल्या, डोंगरावरून दिसणाऱ्या उसाच्या फडासारख्या. कुठं फट नाही. पुढचा खड्डा बघितला, तसाच. त्याच्या पुढचा, तसाच! एक पेशी मेली असेल तर शपथ!

आमच्या मॅडम पुण्याला गेल्या होत्या. लगेच फोन लावला.

"फोटो काढून ठेव," त्या शांतपणे म्हणाल्या. "आणि तीनदा असंच आल्याशिवाय कुणाजवळ एक शब्द बोलायचा नाही."

"छे, छे, मॅडम!"

तो फोन ठेवला आणि दुसरा लावला. नानांना! आता मला सांगा, जन्मदाता बाप म्हणजे 'कुणी' झाला का?

नाना माझे फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, शिराळ्याजवळ ऊस करतात. सगळी नोकरी तोफखान्यात गेली, त्यामुळं उजवा कान बंद आणि डावा अर्धवेळ.

"नाना, ड जीवनसत्त्वानं कोरोना अडला!"

"कोण पडला?"

"अडला, अडला! ड जीवनसत्त्वानं! उन्हातनं मिळतं न्हवं, ते!"

"उन्हातनं? मंजी फुकाट?"

"व्हय, पर अजून पक्कं न्हाई. कुणाला सांगू नगा."

"आगं, मी कुनाला सांगतुय!" नाना म्हणाले. नानांचं 'न सांगणं' चार वस्त्यांवर ऐकू जातं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

रविवारी सकाळच्या गाडीनं गावी निघाले. खिडकीतून उसाचे तुरे मागं पळत होते आणि मी मोठ्या सभागृहात भाषण करत होते. इतकं रंगलं होतं भाषण! इस्लामपूरच्या स्टँडवर कुणीतरी खिडकीशी येऊन "ताई, घ्या की," म्हणालं. मी हात जोडून मोठ्यानं म्हटलं, "हे श्रेय माझ्या एकटीचं नाही!" शेंगावाला घाबरून पुढच्या खिडकीकडं गेला.

गावात उतरले तर काय बघते? पाराची सावली ओस, आणि अख्खं गाव उन्हात! पत्र्यांवर, कट्ट्यांवर, डेअरीच्या ओट्यावर. म्हाताऱ्यांनी धोतरं मांड्यांपर्यंत वर घेतलेली. दोन बाया परकराच्या झालरी वर सारून पाय उन्हाला दाखवत बसलेल्या. सगळे घामानं न्हालेले आणि सगळे माझ्याकडं बघून हसतायत!

"सरपंचांनी सत्कार ठिवलाय तुजा," नाना म्हणाले.

"आवं नाना, कुणाला सांगू नगा म्हटलं हुतं न्हवं?"

"मी फकस्त सरपंचाला सांगितलं. आन् डेअरीत. आन् मग देवळात माईकवर."

तिथल्या तिथं नको म्हणायला हवं होतं मी. म्हटलं का? अहो, झेंडूचा हार होता! शाल होती! जन्मभर जे डोळे मिटून बघितलं, ते डोळे उघडे असताना समोर आलं होतं. गेले की मुकाट्यानं खुर्चीत बसायला.

"आपल्या गावच्या लेकीनं," सरपंच माईकवर गरजले, "कोरोनाला उन्हात वाळत घातला!" टाळ्या! मी खाली बघून लाजले. खोटं कशाला सांगू, भाषणाचं पहिलं वाक्य जिभेवर आलं होतं.

तेवढ्यात शेजारच्या शालनकाकी जवळ आल्या. माझा हात धरून म्हणाल्या, "बाय, तुजं औषिद आल्यापास्नं दम्याचा पंप ठिवून दिला बग मी. कालपास्नं नुसती उन्हात बसती." आणि बोलता बोलता त्यांच्या छातीतून शिट्टी वाजली.

मी खुर्चीतून उठलेच. "काकी, पंप कुठाय? आधी पंप आणा कुणीतरी!"

काकींची सून घराकडं पळाली. त्याच गडबडीत मागच्या रांगेतून भिवातात्या उठले. भिवातात्या आटपाडीकडचे धनगर. ऊस तुटला, की दरवर्षी खतासाठी आमच्या रानात त्यांची मेंढरं बसतात.

"पोरी, एक इचारू? आमी मेंढरास्नी औषिद देतो, तवा चार-दोन तशीच ठिवतो. ती मेली आन् बाकीची जगली, तरच औषिद खरं. तुज्या ताटलीत बिनऔषिदाची हुती का?"

"हुती की तात्या. शेवटची एक रांग असती. तिच्यात नुसता विषाणू."

"मग ती मेली का?"

आणि काय सांगू, त्या भर उन्हात मला थंडी वाजली. ती रांग मी बघितलीच नव्हती! जी सगळ्यात आधी बघायची असते, ती!

रेश्मा रविवारीही कामावर होती. तिला फोन लावला. आपल्यालाही ऐकू यावं म्हणून नानांनी माझा फोन घेऊन माईकपुढं धरला.

"शेवटची रांग बघ गं," मी म्हटलं.

"थांब हां..." कर्ण्यातून रेश्माचा आवाज गावभर घुमला. "अगं, ही पण जिवंत आहे. सगळीच्या सगळी प्लेट जिवंत आहे!"

गावानं टाळ्या वाजवल्या!

"पण असं कसं? थांब, फ्रीजर बघते." मग खडखड आवाज. मग कर्णा म्हणाला, "विषाणूच्या नळ्या होत्या तेवढ्याच आहेत. तू एकही काढली नाहीस. बाई गं, तू विषाणू घातलाच नाहीस!"

नानांनी फोन हळूच खाली केला. अर्ध्या कानानं त्यांनी नेमकं तेवढंच ऐकलं होतं.

"मंजी दुश्मन आलाच न्हाई?"

"न्हाई, नाना."

"आन् तू लढाई जितल्याचा निरोप धाडलास?"

माईक हातात घेतला. भाषण कुठलं सुचतंय! एवढंच म्हटलं, "चूक माझी हाय. हे औषध न्हवं. चालू असलेलं औषध कुणी बंद करू नगा, आणि सावलीत या." तोवर काकींचा पंप आला होता. त्यांनी दोनदा ओढला. छातीतली शिट्टी हळूहळू निवली, तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला. गावही कपाळ पुसत पुसत पारावर सरकलं. रागावलं कुणी नाही. सगळ्यांना नुसती तहान लागली होती.

मी हार काढायला लागले, तर तात्या म्हणाले, "ऱ्हाऊ दे. औषिद पाजून बी एकबी मेली न्हाई, ह्ये तर खरं?"

"खरं, तात्या."

"मग औषिद इखारी न्हाई, यवडं तरी कळलं की!"

सोमवारी मॅडमना सगळं सांगितलं, तात्यांसकट. त्यांनी नवी प्लेट माझ्यापुढं सरकवली. मग आम्ही विषाणू घालून, रांगा बघून, तीनदा प्रयोग केला. तिन्ही वेळा पेशी मेल्या. आमच्या प्लेटीत तरी ड जीवनसत्त्वानं त्या विषाणूला साधं 'कुठं निघालास?' असंही विचारलं नाही. माझ्या पहिल्या प्लेटीतून अहवालात एकच वाक्य उरलं: या मात्रेत जीवनसत्त्व पेशींना अपायकारक नाही.

मॅडमनी ते वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "तुमच्या तात्यांना विचार, अदलाबदल करतात का? ते इथं येतील, तू मेंढरांकडं जा."

मी आपलं गंमत म्हणून तात्यांना फोनवर सांगितलं. ते हसले नाहीत. खरोखर विचार केला त्यांनी.

"न्हाई जमायचं, बाय," ते म्हणाले. "तुजं ध्यान आभाळात गेलं तर? मॅडमास्नी सांग, माजी मेंढरं खरी हायती."