उजवीकडची फळी

आमच्या गाडीतली उजवीकडची फळी आखूड का आहे, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही. ह्यांना वाटतं, चुलीच्या पेटीमुळे. सगळ्यांना तेच वाटतं, कारण मी तेच सांगत आले — इतक्यांदा, की आता जीभसुद्धा अडखळत नाही. तुम्हाला का सांगतेय? खरंच माहीत नाही.

आधी गाडीचं सांगते, ते सोपं आहे. मी धारला शाळेत गणित शिकवायचे. रिटायर झाले त्याच वर्षी ह्यांनी धामनोदच्या एका ठेकेदाराची जुनी लांबलचक जीप घेतली — चारही चाकांना जोर मिळणारी, नाल्याचिखलातून निघणारी. तिचं फिरतं घर करायचं, हे ह्यांचं खूळ. मागच्या सीटा काढायच्या, दोन्ही बाजूंना झोपायला सहा-सहा फुटी फळ्या, खाली सामानाचे खण, स्वयंपाकाला चुलीची एक पेटी, छतावर घडीचा तंबू. बेतही ठरलेला: "मी वर तंबूत, तुम्ही दोघी बहिणी खाली."

दोघी बहिणी — म्हणजे मी आणि अक्का.

अक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. देवासला राहते, लग्न केलं नाही, घरीच ब्लाउज शिवते. आई अंथरुणाला खिळली ती नऊ वर्षं तिने एकटीने काढली. मी दिवाळीला जायचे — मिठाई घेऊन, पाहुण्यासारखी. धार ते देवास काही सातासमुद्रापार नाही. इंदूरला बस बदलली की झालं. पण मला शाळा होती ना! उन्हाळ्याच्या सुट्टीतही मला शाळाच होती.

गाडीचं कळल्यावर अक्का फोनवर खुदकन हसली होती. "बेबी, मला बस एकच करायचंय. रात्री गाडीत झोपायचं, आणि सकाळी दार उघडलं की सामने दुसरंच गाव! माझं दार चाळीस साल झाले, त्याच गल्लीत उघडतं." गाद्या, त्यांचे अभ्रे आणि पडदे तीच शिवणार होती. मला फक्त मापं कळवायची होती.

ती मापं विचारायला तिचा फोन आला तेव्हा मी अंगणात, गाडीच्या मागच्या दारात उभी होते. दोन्ही फळ्या बसवून झाल्या होत्या. हातात टेप होती. डावीकडची सहा फूट सांगितली. उजवीकडची — समोर सहा फूट दिसत असताना — मी म्हटलं, "चार फूट आठ इंच. चुलीची पेटी आड येते ग."

अक्का आमच्या घरात सगळ्यांत उंच. तिने आकडा परत एकदा विचारून घेतला. मग म्हणाली, "काही नाही, मी पाय मोडून झोपून जाईन ना. काय फरक पडतो?"

आणि मी काय म्हटलं? "छे छे, या वयात रात्रभर पाय मुडपून झोपलीस तर गुडघे धरतील." काळजीने म्हटलं हो. आवाजात इतकी माया आणली की माझी मलाच खरी वाटली. साळसूदपणाचे मार्क असते तर पैकीच्या पैकी मिळाले असते.

का केलं असं? अक्का घोरते? नाही. कटकट करते? अजिबात नाही, उलट मी उठायच्या आत चहा करून ठेवील. पण आठ-आठ दिवस तिच्याजवळ हातभर अंतरावर झोपायचं म्हणजे — आठ दिवस मी ती असणार, जी आली नाही. त्या नऊ वर्षांबद्दल ती मला कधी एका शब्दाने बोललेली नाही. बोलली असती, भांडली असती, तर कदाचित मी तिला घेऊन गेले असते. तिचं न बोलणं मला सोसत नव्हतं. आणि 'अक्का, तू येऊ नकोस' हे तोंडावर म्हणण्याइतकी धमक माझ्यात नव्हती.

आता खोटं बोलले होते, तर लाकडात ते खरं करणं भाग होतं. हे दोन दिवस इंदूरला गेले होते. फळ्या बसवून गेलेल्या मिस्त्रीला मी परत बोलावलं. तो फळीकडे बघत राहिला. "दीदी, जगा तो पूरी छह फुट की है. कटवा काय को रिये हो?" मी पेटीचं सांगितलं. "पेटी तो दरवाजे के पास भी आ जाएगी," तो म्हणाला. मी म्हटलं, "काटो." आयुष्यभर पोरांना शिकवलं, आधी मोजा, मग कापा. मी आधी बोलले, मग कापलं.

दिवाळीनंतर अक्का दोन बस बदलून गाद्या घेऊन स्वतः आली. दोन्ही अगदी नेमक्या बसल्या. आखूड गादीवर हात फिरवत ह्यांना म्हणाली, "भावजी, डबे ठेवायला छान झालं हे." तिथे आम्ही डबेच ठेवतो. पुढे सोनकच्छकडे निघालो तेव्हा देवासला ती रस्त्याकाठी उभी होती. दशम्या आणि चटणीचा डबा तिने मागचं दार उघडून स्वतः त्या फळीवर ठेवला आणि बाजूला झाली. गाडीत पायसुद्धा ठेवला नाही.

प्रत्येक फेरीत सकाळी तिचा फोन येतो. "दार उघडलं? काय दिसलं?" मी सांगते. अमझेऱ्याला मंदिरामागचं हरभऱ्याचं शेत दिसलं, ते सांगितलं. ती ऐकते, मध्ये मध्ये "अच्छा, अच्छा" म्हणते.

गेल्या महिन्यात मी गाद्यांचे अभ्रे धुवायला काढले. उजवीकडचा एका टोकाला जाड लागला. उलटा केला — आत कापड दुमडलेलं, आणि त्यावर हाताने घातलेला कच्चा टाका. अक्का कच्चा टाका कुठे घालते, मला ठाऊक आहे. पुढे वाढवायचं असेल तिथे. लहानपणी माझ्या फ्रॉकना ती असाच दाब सोडायची.

मी टेप आणली. एक फूट चार इंच. म्हणजे उसवला तर डावीकडच्या अभ्र्याइतका होईल, बरोबर तितकं. कधी फळी वाढलीच, तर.

दोरा ओढला असता तर एका मिनिटात उसवला असता. मिस्त्रीही याच गावात आहे. मी अभ्रा धुतला, वाळवला. मग मशीन काढली आणि अक्काच्या कच्च्या टाक्यावरून पक्की शिलाई मारली. दोनदा.